पदवीधरांनो, विद्यापीठावरचा हक्क सोडू नका

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रत्येक पदवीधराला एक प्रश्न विचारायचा आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांच्या वतीने कोण बसते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमदाराचे नाव आपण झोपेतही सांगू. जिल्हा परिषदेचा सदस्य, बाजार समितीचा सभापती, साखर कारखान्याचे संचालक यांची नावे तोंडपाठ असतात. पण ज्या विद्यापीठाच्या सही-शिक्क्यावर आपल्याला शिक्षकाची नोकरी लागली, स्पर्धा परीक्षेला बसता आले, बँकेत अर्ज करता आला, त्याचा कारभार कोण पाहते याची विचारपूस आपण कधी केली नाही. ती आता करायला हवी. आपण लक्ष घातले नाही, तर हे सार्वजनिक विद्यापीठ नावाला उरेल आणि आपल्या मुलांच्या कामाचे राहणार नाही.

हे विद्यापीठ आपल्याला आयते मिळालेले नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण खानदेशात महाविद्यालये उभी राहायला १९४५ साल उजाडावे लागले. त्या सुमारास जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले. तोवर पदवी हवी असेल तर घर सोडून मुंबई-पुण्यासारखे दूरचे शहर गाठायचे, आणि ज्याच्या घरी ऐपत नाही त्याने मॅट्रिकवर थांबायचे. इथे विद्येची भूक नव्हती असे कोणी म्हणू नये. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ सालीच तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते आणि देशभरातले अभ्यासक तिथे येत होते. पदवी देणारे केंद्र मात्र शेकडो मैल दूर होते.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅरिस्टर मु. रा. जयकर त्याचे पहिले कुलगुरू. सुरुवातीला या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात बारा जिल्हे होते आणि खानदेश त्यातच होता. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिण महाराष्ट्राला आपले विद्यापीठ मिळाले. आपला नंबर लागायला आणखी अठ्ठावीस वर्षे गेली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. गणितज्ञ डॉ. एन. के. ठाकरे त्याचे पहिले कुलगुरू झाले. गिरणेच्या बाजूच्या माळरानावर विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या दोन जिल्ह्यांचे तीन झाले. २०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती आणि जिची कविता तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून ठेवली म्हणून टिकली, तिचे नाव ज्या पदवीवर आहे ती पदवी शाळेची पायरी न चढलेल्या आईबापांच्या मुलांपर्यंत पोचलीच पाहिजे.

मुंबईहून पुणे, पुण्याहून जळगाव असे विद्यापीठ एकशे तेहतीस वर्षांत टप्प्याटप्प्याने आपल्या जवळ आले. त्याचा सर्वांत मोठा फायदा कोणाला झाला असेल, तर आपल्या जिल्ह्याला. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. त्यात अनुसूचित जमातींचे लोक जवळपास ६९ टक्के, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. अशा जिल्ह्यात नंदुरबारचे जी. टी. पाटील महाविद्यालय, शहाद्याला पी. के. अण्णा पाटलांनी उभारलेला पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचा व्याप, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथली महाविद्यालये जिवंत राहिली आणि त्यांतून मुले पदवी घेऊन बाहेर पडली, कारण त्यांच्या पाठीशी एक सार्वजनिक विद्यापीठ होते. धडगावला शिकलेल्या मुलीची पदवी आणि जळगाव शहरात शिकलेल्या मुलाची पदवी एकच, तिच्यावरची सही एकच, सरकारी भरतीत तिची किंमत एकच. गरिबाच्या मुलाला बरोबरीला आणून उभे करणारी दुसरी अशी व्यवस्था आपल्याकडे नाही.

तरीही अंतर मिटलेले नाही. समजा, अक्राणी महालातल्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीच्या गुणपत्रिकेत नावातले एक अक्षर चुकले आणि दुरुस्तीसाठी जळगावला जाणे भाग पडले. पहाटे पाड्यावरून जीपने धडगाव. तिथून एस.टी.ने घाट उतरून शहादा. शहाद्याहून दोंडाईचा गाठून रेल्वे धरायची किंवा बस बदलत जायचे. जळगावला उतरेपर्यंत कार्यालयाची वेळ टळलेली असते. मुलगी एकटी असेल तर बरोबर बाप येतो आणि रात्र ओळखीच्या घरी काढावी लागते. दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या विद्यापीठात अर्ज द्यायचा, चलन भरायचे, पोच घ्यायची आणि त्याच वाटेने परत फिरायचे. एका अक्षरापायी दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च. बरीच कामे ऑनलाइन झाली हे खरे, पण सातपुड्यात फोन उंच धरून डोंगरावर रेंज शोधणाऱ्या मुलांना ऑनलाइनचा अर्थ वेगळा कळतो. म्हणून नंदुरबारला पूर्ण अधिकारांचे विद्यापीठ केंद्र हवे. दुरुस्ती, पुनर्मूल्यांकन, स्थलांतर प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्र ही सगळी कामे जिल्ह्यातच पूर्ण व्हायला हवीत. हे कोण घडवून आणणार? त्यासाठी विद्यापीठाचा कारभार कसा चालतो ते समजून घ्यावे लागेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा कायदा होता. राज्यपाल हे कुलपती असतात आणि शोध समितीच्या शिफारशीवरून ते कुलगुरूंची पाच वर्षांसाठी नेमणूक करतात. रोजचा कारभार कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा आणि वित्त विभागाचे अधिकारी पाहतात. पण विद्यापीठ म्हणजे एवढीच माणसे नव्हेत. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अधिष्ठाता मंडळ आणि विषयवार अभ्यास मंडळे ही त्याची खरी चौकट आहे. मुलांनी काय शिकायचे हे अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद ठरवतात. कुठे किती पैसा खर्च होणार हे ठरवण्यात व्यवस्थापन परिषदेचा आणि अधिसभेचा वाटा असतो. अर्थसंकल्पाची मंजुरी अधिसभेच्या हाती आहे. शिवाय विद्यापीठाचे अभ्यासक्रम समाजाच्या उपयोगी पडतात की नाही, हे समाजाच्या बाजूने विद्यापीठाला सांगण्याचे कामही कायद्याने अधिसभेकडेच सोपवले आहे.

अधिसभेत प्राचार्यांचे दहा, महाविद्यालयीन शिक्षकांचे दहा आणि संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी निवडून येतात. नोंदणीकृत पदवीधरांचेही दहा असतात. या दहांपैकी पाच जागा खुल्या आहेत. उरलेल्या पाचांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना एकेक जागा आहे. मतदान पसंतीक्रमाने होते. पाच खुल्या जागांसाठी निवडून यायला वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून एक मत जास्त मिळाले की पुरते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नंदुरबार जिल्ह्यातले पदवीधर एकदिलाने नोंदणी करून मतदानाला उतरले, तर दोन मोठ्या जिल्ह्यांच्या गर्दीतही आपला आवाज अधिसभेत नक्की पोचू शकतो. अनुसूचित जमातींच्या जागेवर तर आपल्या जिल्ह्याचा हक्क कोणी डावलू शकणार नाही, मतदार यादीत आपली नावे असली तर.

यादीत नावे असतात का, इथेच घोडे पेंड खाते. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाची निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा लाखो पदवीधरांच्या त्या विद्यापीठात नोंदणीकृत मतदार होते साधारण साडेतेरा हजार. ही निवडणूकही सहजासहजी झाली नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये ती तोंडावर आलेली असताना थांबवण्यात आली आणि वर्षभराने, न्यायालयाच्या आदेशानंतर पार पडली. मुंबईत लोक कोर्टापर्यंत गेले म्हणून निवडणूक झाली. आपल्याकडे उद्या अशी वेळ आली तर कोण कोर्टात जाईल? मतदारच मोजके असले, तर निवडणूक लांबल्याचे कोणाला दुःख होणार?

आता धोके काय आहेत ते स्पष्टपणे मांडतो.

पहिला धोका रिकाम्या खुर्च्यांचा. राज्यभरातल्या अनुदानित महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत. २०१८ साली शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली, पण भरती रखडत रखडत पुढे सरकली आणि दरम्यान निवृत्त होणाऱ्यांची रांग वाढतच गेली. ती पोकळी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी भरून काढली. नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले तरुण तासाच्या हिशोबाने शिकवतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना काहीच मिळत नाही आणि पुढच्या जूनमध्ये काम मिळेल की नाही याची खात्री नसते. तळोद्याच्या किंवा नवापूरच्या वर्गात पहिल्या पिढीचा विद्यार्थी बसलेला असतो. त्याला घरी शिकवणारे कोणी नाही, शिकवणी लावायला पैसे नाहीत. त्याचा सगळा भार वर्गातल्या त्या एका शिक्षकावर असतो. तो शिक्षकच दर वर्षी बदलत असेल, तर त्या विद्यार्थ्याचे काय होणार?

दुसरा धोका संलग्नतेच्या भवितव्याचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने महाविद्यालये विद्यापीठांना संलग्न असण्याची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले आहे. महाविद्यालयांनी स्वायत्त व्हावे, हजारो विद्यार्थ्यांच्या मोठ्या बहुशाखीय संस्था व्हाव्यात, अशी त्यामागची कल्पना आहे. संलग्नतेच्या पद्धतीत दोष आहेत, हे मान्य करायला हवे. एकाच विद्यापीठावर परीक्षांचे ओझे येते, अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो, तपासणीची समिती औपचारिकता उरकून जाते. मोठ्या शहरातल्या सक्षम महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली तर त्याचे भलेच होईल. पण अक्कलकुव्याच्या लहान महाविद्यालयाने स्वतःची परीक्षा यंत्रणा, स्वतःचे अभ्यास मंडळ, स्वतःची पदवी कुठून उभी करायची? त्या पदवीला पुण्या-मुंबईत कोण विचारेल? विद्यापीठाची छत्री काढून घेतली तर ही महाविद्यालये बंद पडतील, एखाद्या मोठ्या संस्थेत गिळली जातील, नाही तर भरमसाट फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठांच्या दारात मुलांना उभे करतील. म्हणून डोंगरी आणि आदिवासी भागातल्या महाविद्यालयांसाठी सार्वजनिक विद्यापीठाची संलग्नता कायम राहिली पाहिजे, ही मागणी आजच नोंदवायला हवी.

तिसरा धोका वरच्या रस्सीखेचीचा. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते आणि कुलगुरू निवडीत राज्य सरकारचा शब्द वजनदार ठरणार होता. सरकार बदलले आणि ती दुरुस्ती मागे घेण्यात आली. मग जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात कुलगुरूंची शोध समिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे देण्याची आणि उद्योग किंवा प्रशासनातल्या व्यक्तींनाही कुलगुरूपदाचा मार्ग मोकळा करण्याची तरतूद होती. अनेक राज्यांनी विरोध केला. एकदा दोरी मुंबईने ओढायची, एकदा दिल्लीने. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, विद्यापीठावर आपला हात असावा असे त्याला वाटतेच. या ओढाताणीत ज्यांची मुले तिथे शिकतात त्यांना कोणी विचारत नाही. विद्यापीठाची स्वायत्तता टिकवायची असेल तर खालून, अधिसभेतून, तिला जोर मिळायला हवा.

विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्वही असेच पातळ झाले आहे. मुंबईत १९८९ साली महाविद्यालयीन निवडणुकीत एका विद्यार्थ्याचा खून झाला, त्यानंतर राज्यात खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण त्या प्रत्यक्षात घेण्याचे लांबणीवर पडत गेले. हिंसा नको, हे शंभर टक्के खरे. पण विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायला शिकायचेच नाही, तर ते पदवीधर म्हणून तरी कधी विचारणार?

हे सारे वाचवायचे ते केवळ जुने म्हणून नव्हे. आपल्या जिल्ह्याला या विद्यापीठाकडून अजून खूप काम करून घ्यायचे आहे. सिकलसेलने ग्रासलेल्या पाड्यांचा अभ्यास, ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचे शिक्षण, धडगाव-मोलगीच्या आमचुराची आणि भगरीची बाजारपेठ, नंदुरबारच्या मिरचीवरचे रोग, नर्मदेच्या बुडिताने उठवलेल्या गावांचे पुनर्वसन, भिली, पावरी, मावची, अहिराणी या बोलींचे कोश आणि गीतकथांचे संकलन. हे विषय दुसरे कोणते विद्यापीठ हातात घेणार? खासगी विद्यापीठ विद्यार्थी कुठे फी भरतील ते पाहील. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमी आहे. तिला पुरेशी माणसे, पुरेसा निधी आणि स्पष्ट कार्यक्रम मिळाला पाहिजे, आणि तिथे शिकवणारे, संशोधन करणारे सातपुड्यातलेही असले पाहिजेत. ज्या समाजाचा अभ्यास करायचा, त्या समाजातली मुले अभ्यासक म्हणून पुढे आली तरच त्या अभ्यासाला धार येईल.

म्हणून आता कामाचे बोलू.

पहिले काम घरातच आहे. पदवी प्रमाणपत्र शोधा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर काम भागवून पदवी प्रमाणपत्र न उचललेले कितीतरी जण आहेत. ते काढून घ्या. नोंदणीची मुदत जाहीर झाली की पदवी प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि लागत असेल तर जातीचे प्रमाणपत्र घेऊन अर्ज भरा. मुदत कधी येते आणि कधी संपते हे आपल्याला कळत नाही, हीच आपली अडचण. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात दोन-चार जणांनी जबाबदारी घ्यायची आणि विद्यापीठाच्या सूचनांवर डोळा ठेवायचा.

दुसरे काम शिक्षकांचे. गुरुजी, मॅडम, तुम्ही गावागावात आहात. तुमच्या शाळेतले, आश्रमशाळेतले, वसतिगृहातले पदवीधर सहकारी मोजा. शिक्षक दिनाच्या भाषणाइतकाच वेळ या नोंदणीला द्या. ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बँकेतले कर्मचारी, पोलीस दलातले पदवीधर, घरी असलेल्या पदवीधर सुना-मुली, कोणालाही वगळू नका. महिलांची नावे यादीत कमी असली की महिलांच्या जागेचा निकालही दुसरेच लावतात.

तिसरे काम एकजुटीचे. सहाही तालुक्यांनी बसून ठरवावे. पक्ष, संस्था, गट बाजूला ठेवून नंदुरबार जिल्ह्याचे काम करणारा, अर्थसंकल्प वाचू शकणारा, सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा उमेदवार शोधावा. आणि मत मागायला जो येईल त्याला तीन गोष्टी लिहून मागाव्यात: नंदुरबारच्या केंद्राला पूर्ण अधिकार मिळावेत म्हणून तो काय करणार, रिकाम्या जागांचा हिशोब प्रत्येक अधिसभेत मागणार का, आणि आपल्या भागातल्या लहान महाविद्यालयांची संलग्नता टिकावी असा ठराव मांडणार का.

संस्थाचालकांनाही एक विनंती. तुमच्या आधीच्या पिढीने ओसाड माळावर महाविद्यालये उभी केली, गावोगाव फिरून वर्गणी जमवली. तुम्ही मंजूर जागांसाठी शासनाच्या मागे लागा, आणि अधिसभेत निवडून गेल्यावर आपल्या संस्थेपुरते न पाहता सगळ्या जिल्ह्याचे पाहा. आमदार, खासदार मंडळींनी रिकाम्या जागांचा प्रश्न सभागृहात लावून धरावा. तो पाण्याच्या आणि रस्त्याच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी शेवटचे सांगणे. तुम्ही भरलेल्या परीक्षा शुल्कातून विद्यापीठाचा बराच खर्च चालतो. तेव्हा उपकाराच्या भावनेने खाली मान घालून खिडकीपाशी उभे राहू नका. वाचनालय बंद का, प्रयोगशाळेत साहित्य का नाही, शिक्षक का नाहीत, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. पदवी हाती पडली की मतदार नोंदणीचा अर्ज त्याच आठवड्यात तयार ठेवा.

१९९० साली विद्यापीठ जळगावपर्यंत आले, ते खानदेशाने मागितले म्हणून. जे मागून मिळवले, ते राखायलाही मागावेच लागते. आपण गप्प बसलो तर निर्णय इतर घेतील आणि त्याचे परिणाम आपली मुले भोगतील. आपण उठलो, तर हेच विद्यापीठ नंदुरबारला, शहाद्याला, अक्कलकुव्याला आणि धडगावला पोचेल. नाव नोंदवा, दहा जणांचे नाव नोंदवून घ्या, आणि मतदानाच्या दिवशी सगळे मिळून बाहेर पडा.